ओंगणाचं नळकांडं परत हातात घ्या

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात भावाबद्दल बोलणं झालं, विम्याबद्दल झालं, बोंडअळीबद्दल झालं. मला दिलेला विषय ऐकून मागच्या रांगेतली काही पोरं हसली, तेही मी पाहिलं. विषय आहे ग्रीस गन. हसा, पण ऐकून घ्या. कारण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आज सगळ्यात मोठं कर्ज कशावर आहे, ते मोजायला बसलो तर पुष्कळ घरांत उत्तर येईल, ट्रॅक्टरवर आणि त्याच्यामागच्या अवजारांवर. ज्या वस्तूपायी सातबारा गहाण पडला, ती वस्तू वीस रुपयांच्या निपलापायी आणि मूठभर ग्रीसपायी झिजून जात असेल, तर तो विषय हसण्याचा नाही.

आपल्या वाडवडिलांची बैलगाडी आठवा. लाकडी चाक, लोखंडी आस. गाडीच्या खाली ओंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. त्यात एरंडीचं तेल आणि तेलात बुडवलेल्या चिंध्या. लांबच्या बाजाराला निघायचं तर आधी चाक सैल करून आसेला ओंगण घालायचं, मग बैल जुंपायचे. हे काम कुणी मिस्त्री करत नव्हता. गाडीवाला स्वतः करत होता. ओंगण संपलं की चाक करकरायचं, बैलांना ओढ जास्त लागायची आणि वाटेत भेटणारा माणूससुद्धा टोकायचा, ‘काय राव, ओंगण नाही का घातलं?’

ट्रॅक्टर आला आणि हे नळकांडं आपल्या हातातून गेलं. ट्रॅक्टर करकरत नाही. इंजिनाच्या आवाजात किंगपिनचं रडणं ऐकू येत नाही. मालक म्हणतो ड्रायव्हर बघेल, ड्रायव्हर म्हणतो गॅरेजवाला बघेल, आणि गॅरेजवाला बघतो तेव्हा बुश खाऊन पिन अंडाकृती झालेली असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तुपाने-हळदीने मळणारी आपण माणसं. खंडेनवमीला त्याच ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. हार घाला, नारळही फोडा, पण त्या दिवशी निपल पुसून चार स्ट्रोक ग्रीस दिलं असतं तर ती पूजा यंत्रापर्यंत पोचली असती.

ग्रीस करतं काय?

मी शेतकी पदवीधर. कॉलेजात आम्हाला नत्र-स्फुरद-पालाश घोकून घेतलं, पण बेअरिंग कसं मरतं हे कुणी शिकवलं नाही. ते पुढे शिवारात शिकायला मिळालं.

लोखंडावर लोखंड घासलं की झीज होते, हे सगळ्यांना कळतं. ग्रीस मधे पातळ थर धरतं आणि दोघांना वेगळं ठेवतं. पण आपल्या काळ्या मातीत ग्रीसचं दुसरं काम तितकंच मोठं आहे. ते धूळ आणि पाणी बाहेर ठेवतं. मे महिन्यात वखरणी-रोटाव्हेटर चालतो तेव्हा जी धूळ उडते, ती बारीक धूळ सांध्यात शिरून जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की धार लावायचा मसाला तयार होतो. मग ग्रीस असूनही पिन झिजते. म्हणून नवीन ग्रीस देणं म्हणजे नुसतं वंगण घालणं नव्हे, आतली घाण बाहेर ढकलणंसुद्धा आहे. किंगपिन, पेडलचा शाफ्ट, पुढच्या आसाची मधली पिन अशा उघड्या सांध्यांना ग्रीस देताना आधी काळं-करडं ग्रीस बाहेर येतं, मग स्वच्छ. स्वच्छ दिसलं की थांबायचं.

जिथे ग्रीस द्यायचं तिथे छोटी टोपी दिसते, तिला आपण निपल म्हणतो. या निपलात बारीक गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. गनच्या दाबाने गोळी आत सरकते, ग्रीस जातं; दाब सुटला की गोळी परत भोक बंद करते. आज जगभर चालणाऱ्या या निपलाचं पेटंट १९२९ साली अमेरिकेत ऑस्कर झर्क यांना मिळालं. म्हणजे जवळपास शंभर वर्षं झाली, तरी पुष्कळ गावांत निपल मातीने बुजलेलं आणि त्यावर रंगाचा थर चढलेला दिसतो.

गन कोणती घ्यावी?

बाजारात चार प्रकार मिळतात. लांब दांड्याची गन, पिस्तुलासारखी एका हाताची गन, बॅटरीवरची गन आणि बादलीवरचा मोठा पंप.

एक ट्रॅक्टर आणि चार अवजारं असलेल्या घराला लांब दांड्याची हातगन पुरते. तिला दोन हात लागतात, पण दाब भरपूर मिळतो आणि बिघडण्यासारखं तिच्यात फार काही नसतं. पिस्तूल गन एका हाताने चालते, दुसरा हात कपलर धरायला मोकळा राहतो; पण दर स्ट्रोकला ग्रीस साधारणपणे कमी देते आणि हट्टी निपलावर मनगट दुखवते. बॅटरीची गन ज्याच्याकडे जेसीबी, हार्वेस्टर किंवा दोन-तीन ट्रॅक्टर भाड्याने फिरतात त्याच्या कामाची. ती दाब देताना हाताला काही सांगत नाही, घोडा दाबून ठेवला की सील फुटेपर्यंत भरत राहते. बादलीचा पंप मळणी यंत्राच्या धंदेवाल्यांनी किंवा गटाच्या अवजार बँकेने घ्यावा.

दुकानात गेल्यावर रंग बघू नका. या गोष्टी बघा.

पहिली, नळकांड्याचा पत्रा. अंगठ्याने दाबून दबतो का बघा. पोचा आलेल्या नळकांड्यात आतला वायसर अडकतो आणि गन मेली. दुसरी, हेड आणि नळकांड्याचे आटे. तीन-चार वेळा उघडून लावून बघा, आटे तिरके बसत असतील तर परत ठेवा. तिसरी, आतला वायसर. रॉड ओढल्यावर तो नळकांड्याला सगळीकडून घट्ट लागला पाहिजे. चौथी, हवा सोडायचा बारीक व्हॉल्व्ह हेडवर आहे का. तो असला की निम्मी डोकेदुखी वाचते. पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, कपलर, म्हणजे निपलाला धरणारं तोंड. आत तीन किंवा चार जबडे असतात. चार जबड्यांचा घ्या. दुकानदाराकडून एक सुटं निपल मागा, पक्कडीत धरा, कपलर बसवा आणि ग्रीस मारून बघा. निपलाच्या दुसऱ्या टोकातून ग्रीस आलं पाहिजे, कपलरच्या बाजूने येता कामा नये.

गनसोबत लोखंडी सरळ नळी येते. तिच्याशिवाय फूट-दीड फुटाची लवचीक होज घ्या, चांगल्या दाबाची. रोटाव्हेटरच्या शाफ्टच्या क्रॉसवर सरळ नळी पोचत नाही, आणि पोचत नाही म्हणूनच तो क्रॉस पहिल्यांदा तुटतो. त्याचबरोबर दहा-बारा सुटी निपलं घ्या, काही सरळ, काही वाकडी. आट्याचं माप वेगवेगळं असतं, म्हणून जुनं निपल खिशात घालूनच दुकानात जा.

ग्रीस कोणतं?

डब्यावर एक आकडा असतो, २ किंवा ३. तो ग्रीसचा घट्टपणा. ठरावीक वजनाचा शंकू २५ अंश तापमानाला पाच सेकंदांत ग्रीसमध्ये किती रुततो, त्यावरून हा आकडा ठरतो. २ नंबरात तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो, ३ नंबरात २२ ते २५. म्हणजे आकडा मोठा तितकं ग्रीस घट्ट. गनमधून निपलात द्यायला २ नंबर सोपं जातं. चाकाच्या हबमध्ये हाताने भरायला ३ नंबरही वापरतात. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते पहिलं, माझं नंतर.

दुसरं, ग्रीस कशाच्या साबणावर बनलंय. लिथियमचं ग्रीस बहुतेक कामाला चालतं. ते वितळायला साधारण १८० अंशांच्या वर तापमान लागतं. साधं कॅल्शियमचं चासिस ग्रीस पाण्याला चांगलं टिकतं, पण शंभर अंशांच्या आसपासच पाणी पाणी होतं, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगला ते नको. ‘ईपी’ लिहिलेलं असेल तर त्यात जास्त भार सोसणारी औषधं असतात. किंगपिन, क्रॉस यांना ते चांगलं.

रंगावरून ग्रीस ओळखू नका. लाल, निळा, पिवळा हा कंपनीने घातलेला रंग असतो. आणि दोन जातींची ग्रीसं एकत्र करू नका. काही जाती एकमेकींत मिसळल्या की ताकासारख्या फुटतात आणि बेअरिंगमधून वाहून जातात. एकच जात धरा, डब्यावरचं नाव वहीत लिहून ठेवा, दरवर्षी तेच आणा. जळकं काळं ऑइल म्हणजे ग्रीस नव्हे. ते सांध्यात थांबत नाही, धूळ मात्र गोळा करतं.

गन भरताना

निम्म्या गन्स इथेच बाद होतात. ‘गन खराब निघाली’ म्हणून कोपऱ्यात फेकलेल्या गनमध्ये बहुतेक वेळा हवा अडकलेली असते, दुसरं काही नाही.

हेड उघडा. मागचा रॉड पुढे सारलेला ठेवा, नळकांड्याचं उघडं तोंड ग्रीसच्या डब्यात बुडवा आणि रॉड सावकाश मागे ओढा. पिचकारीसारखं ग्रीस आत येतं. तोंड डब्यातून वर आलं की हवा शिरते, तेव्हा बुडवूनच ठेवा. पिशवीतलं ग्रीस असेल तर स्वच्छ लाकडी पट्टीने भरा आणि दर थराला नळकांडं फळीवर हलकं आपटा. रॉड खाचेत अडकवा. हेड लावा, पण शेवटचा एक आटा सैल ठेवा. आता रॉड खाचेतून सोडा, म्हणजे स्प्रिंग ग्रीसला पुढे रेटेल. दांडा चालवत राहा. आट्यातून फसफस हवा निघेल, मग ग्रीस दिसेल. तेव्हा हेड आवळा. हवेचा व्हॉल्व्ह असेल तर हेड पूर्ण आवळून तो दाबा.

डब्याचं झाकण उघडं ठेवू नका, त्यात हात घालू नका. ग्रीसमध्ये पडलेली चिमूटभर वाळू थेट बेअरिंगमध्ये जाते.

किती आणि कधी?

हातगनचा एक स्ट्रोक साधारण एक ग्रॅमच्या आसपास ग्रीस देतो, पण गनगणिक फरक पडतो. म्हणून घरी नेल्यावर कागदावर दहा स्ट्रोक मारा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. दहाने भागा. हा आकडा गनच्या नळकांड्यावर रंगाने लिहा. मग हिशेब सोपा. समजा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून वीस निपलं, प्रत्येकी तीन स्ट्रोक. साठ ग्रॅम झालं. अर्धा किलोच्या पिशवीत आठ पाळ्या होतात. आता एका पिशवीचा भाव विचारा, एका क्रॉसचा भाव विचारा आणि पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा राहिला तर काय पडतं तेही मांडा. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, तो तीन-चार दिवस थांबतो. त्यात एक दिवस मिस्त्रीची वाट पाहण्यात गेला तर कपाशीची लागवड मागे पडते. तो दिवस कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

कुठे किती, ते लक्षात ठेवायला सोपं आहे. उघड्या पिनांना स्वच्छ ग्रीस बाहेर दिसेपर्यंत. पीटीओ शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना रोज, काम सुरू करण्याआधी. शाफ्टची एकात एक सरकणारी नळीही पुसून ग्रीस लावा. मळणी यंत्राच्या आणि पऱ्हाटी श्रेडरच्या बंद बेअरिंगला मात्र मोजून एक-दोन स्ट्रोक, जास्त नाही. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगच्या पोकळीत तिसरा हिस्सा ते निम्मं एवढंच ग्रीस हवं. गच्च भरलं तर ते घुसळून तापतं, सील फोडून बाहेर येतं. पऱ्हाटी, कुटार, कडब्याचा भुसा यांच्यात फिरणारं यंत्र आहे. तापलेल्या बेअरिंगने आग लागते. अर्धा तास चालवून यंत्र बंद करा, पूर्ण थांबलं की बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. हात ठेवता येत नसेल तर काम पुढे नेऊ नका.

रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरू नका, तिथे गिअर ऑइल असतं. पट्ट्याला, क्लच-ब्रेकच्या प्लेटला ग्रीस लागू देऊ नका. दोन्ही बाजूंनी बंद, निपल नसलेलं बेअरिंग तसंच राहू द्या.

पुस्तिकेत हे सगळं तासांवर लिहिलेलं असतं. धुळीत आणि चिखलात ते अंतर कमी करा. ट्रॅक्टर पाण्याच्या फवाऱ्याने धुतला की लगेच ग्रीस द्या. ट्रॉलीच्या आणि टायरच्या बंडीच्या चाकाचे हब वर्षातून एकदा, कापूस जिनिंगला न्यायच्या आधी, उघडून डिझेलने धुवा, सुकवा आणि तळहाताने रोलरच्या फटींत ग्रीस दाबून भरा.

निपल ग्रीस घेत नसेल तर जोर काढू नका. आधी ते पुसा. मग जॅक लावून आस उचला, खाली लाकडी ठोकळे द्या. भार सुटला की किंगपिन ग्रीस घेतो. तरी नाही घेतलं तर निपल काढून बदला. नव्या निपलातूनही जात नसेल तर आतली वाट सुकलेल्या ग्रीसने बुजली आहे, ती डिझेल घालून तारेने मोकळी करा.

जीव जपून

आता मायबहिणींनी आणि पोरांनी नीट ऐकावं. मोटरसायकलच्या चाकात तीसेक पौंड हवा असते. हातातली ग्रीस गन कित्येक हजार पौंडांचा दाब तयार करते, चांगली गन दहा हजारांपर्यंत जाते. होजला चीर पडली किंवा कपलर गळत असेल आणि तिथे बोट धरलं, तर ग्रीस कातडीतून आत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. काही तासांत बोट सुजतं, काळं पडतं आणि कापावं लागतं. हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला, जिथे शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा, ‘दाबाने ग्रीस आत गेलंय.’ ग्रीसचा डबाही सोबत न्या. जुनी, भेगाळलेली होज आजच फेका.

दुसरं, चालत्या यंत्राला ग्रीस देऊ नका. पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, धोतराचा सोगा, गळ्यातला रुमाल त्यात गेला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. मळणी यंत्रात शेतमजुरांचे इतके हात गेले की १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. कायदा पुस्तकात आहे, हात आपला आहे. इंजिन बंद, किल्ली ग्रीस देणाऱ्याच्या खिशात, मगच गन हातात. आणि काम झाल्यावर काढलेलं शाफ्टचं प्लास्टिकचं कव्हर परत लावा.

गावात करायचं काम

ट्रॅक्टर नसलेला शेतकरी म्हणेल, माझा काय संबंध? संबंध आहे. नांगरटीचं भाडं तुम्ही देता. यंत्र मधेच उभं राहिलं तर वाफसा तुमचा जातो. तेव्हा ठरवताना ट्रॅक्टरवाल्याला विचारा, आज क्रॉसला ग्रीस दिलं का? आणि टायरच्या बंडीवाल्यांनो, पाच घरांत मिळून एक गन घ्या, चालेल.

ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी एक वही घाला. तारीख, मीटरचे तास, किती स्ट्रोक, कोणी दिलं. शेवटच्या रकान्यात खर्च, ग्रीसचा आणि दुरुस्तीचा. आपण उत्पादन खर्चावर भांडतो. कृषिमूल्य आयोगाच्या खर्चाच्या हिशेबात स्वतःच्या यंत्राचा खर्च आणि अवजारांची घट धरतात. पण आपल्याकडे लिहिलेलं काहीच नसेल, तर क्विंटलमागे यंत्राने किती खाल्लं हे सांगायला आपण कुठल्या तोंडाने उभं राहणार? वही असली की भांडायला आकडा असतो, आणि झीज थांबवली की घरात पैसा राहतो. दोन्ही कामं एकाच वहीत होतात.

तर पुढच्या मेळाव्याला येताना गावागणिक निदान एक वही घेऊन या. आपण ती इथे उघडू आणि एकमेकांच्या आकड्यांशी ताडून बघू. आणि उद्या सकाळी घरी पोचल्यावर पहिलं काम, एक फडकं घेऊन ट्रॅक्टरभोवती फिरा आणि निपलं मोजा. मोजताना जी सापडणार नाहीत, ती मातीखाली आहेत. तिथूनच सुरुवात करा.